यातला तुझा शॉट कुठला?

पत्र (थोडं कापून):

ताई, मी ३३ वर्षांची. घर कोथरूडला, पण मी असते ठाण्यात. कॉलेजमध्ये पुरुषोत्तम करंडकाच्या एकांकिका केल्या, मग मुंबईला जाऊन मालिकांमध्ये क्लॅप देण्यापासून सुरुवात केली, त्याला नऊ वर्षं झाली. गेली दोन वर्षं एका रोजच्या मालिकेची एपिसोड डिरेक्टर आहे. मुलगा चार वर्षांचा, तो आणि सासूबाई पुण्यात, नवरा हिंजवडीत नोकरीला. आता दोन गोष्टी एकदम आल्यात. एक म्हणजे नव्या मालिकेची मेन डिरेक्टर म्हणून विचारणा झालीये, लाँच दिवाळीनंतर. दुसरं म्हणजे माझी स्वतःची फिल्मची स्क्रिप्ट आहे, त्यात मामांच्या ओळखीतले एक बिल्डर चाळीस लाख घालायला तयार आहेत, पण गणपतीच्या आधी शूट सुरू करा म्हणतात आणि त्यांचा पुतण्या हिरो हवाय. एफटीआयआयवाले, म्हणजे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले, मित्र म्हणतात मालिका करून हात खराब होतो, अजून एक घेतलीस की तू कायमची टीव्हीवाली. बाबा म्हणतात आता पुण्यात ये, एखादा कोर्स कर, कुठेतरी शिकव. पस्तिशी ओलांडली की सिनेमा राहूनच जाईल अशी भीती वाटते. काय करू?

अगं, तुझं मूळ पत्र सहा पानांचं आहे, इथे जागेसाठी कापलंय. त्यातली जवळजवळ साडेपाच पानं सेटवरची आहेत आणि काय छान लिहिलंयस! आईचं काम करणाऱ्या आर्टिस्टला दुपारी तीनला निघायचंच होतं, तिचे चार सीन बाकी होते, तू तिचे सगळे क्लोज-अप आधी उरकलेस आणि मग असिस्टंट मुलीला तिची साडी नेसवून पाठमोरी उभी केलीस आणि बाकीच्यांच्या रिअॅक्शन घेतल्यास, रात्री एपिसोड गेला आणि घरात बघणाऱ्या कुणाला काही कळलं नाही. हे वाचताना मला तुमच्या शूटिंगच्या बंगल्याबाहेरच्या जनरेटरचा आवाज ऐकू आला. आणि फिल्मबद्दल किती ओळी आहेत माहितीये? तीन. "गावातल्या पाण्यावर आहे, विषय स्ट्राँग आहे, फेस्टिव्हलला चालेल." मी मोजल्या.

म्हणून उत्तर आधीच सांगून टाकते म्हणजे तू शेवटापर्यंत श्वास रोखून वाचणार नाहीस. मालिका घे, पण तुझ्या अटींवर आणि ठरवून थोड्या काळासाठी. बिल्डरांना आत्ता नाही म्हण. कोर्स आत्ता नको. आणि त्या तीन ओळींचं काहीतरी कर, खरं काम तिथेच आहे.

आता हात खराब होण्याबद्दल. यावर मला जरा जास्त बोलायचंय कारण हे वाक्य मी पंचवीस वर्षं ऐकतीये आणि त्याने कितीतरी चांगल्या मुलामुलींचा जीव कुरतडलाय. मालिकेत रोज किती काढायचं असतं हे तुला सांगायला नको पण वाचकांसाठी सांगते, अर्ध्या तासाच्या स्लॉटमध्ये जाहिराती वजा जाता वीस-बावीस मिनिटं उरतात आणि साधारण तेवढी रोज काढावी लागतात, नाहीतर तयार एपिसोडची बँक रिकामी होते आणि मग आज शूट केलेलं उद्या टेलिकास्ट अशी वेळ येते. सिनेमाचं गणित असं की दोन तासांचा सिनेमा तीस दिवसांत बसवायचा म्हटलं तर रोजची चार मिनिटं झाली. म्हणजे तू रोज पाचपट काम काढतेस. सीनची पानं सकाळी व्हॉट्सअॅपवर येतात, कधी कधी मेकअप चालू असताना येतात, गुरुवारी टीआरपी आला की शुक्रवारपर्यंत ट्रॅक बदललेला असतो, ज्याला मारायचं ठरलं होतं तो जिवंत राहतो, ईपीचा, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्युसरचा, फोन येतो की कालच्या सीनमध्ये सुनेचा क्लोज कमी होता. अशात चाळीस-पन्नास माणसांचं युनिट बारा तास हलतं ठेवायचं, लाइट दादांपासून ते मुख्य नटापर्यंत कुणाचा मूड जाऊ द्यायचा नाही, आणि रडायच्या सीनला खरोखर डोळ्यात पाणी आणायचं. याने हात खराब होतो म्हणणाऱ्यांनी एकदा पंधरा दिवस ते करून बघावं. हात याने तयार होतो, इतका तयार होतो की सिनेमाचा सेट तुला सुट्टीसारखा वाटेल.

पण एक गोष्ट होते आणि ती मी माझ्यावरून सांगते. माझ्या फिल्मचा पहिला दिवस, वाईजवळचा एक जुना वाडा, सीन काय तर एक बाई चुलीपुढे बसून नवऱ्याची वाट बघतीये, एकही डायलॉग नाही. मी तोपर्यंत अकरा वर्षं मालिका केलेल्या. सवयीने सुरू झाले, आधी वाइड घ्या, मग मिड, मग तिचा क्लोज, हातांचा, चुलीचा, दाराचा, परत तिचा दुसऱ्या बाजूने, चौदा शॉट झाले. कॅमेरामन माझ्यापेक्षा वयाने बरेच मोठे होते, फार कमी बोलायचे, ते जवळ आले आणि कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाले, बाई, यातला तुमचा शॉट कुठला? माझ्याकडे उत्तर नव्हतं. सगळेच बरोबर होते, पण माझा त्यातला एकही नव्हता.

मालिकेत हा प्रश्न कुणी विचारतच नाही गं. तिथे सगळं कव्हर करून ठेवायचं असतं, मास्टर म्हणजे अख्खा सीन एका वाइडमध्ये, सगळ्यांचे क्लोज, सगळ्यांच्या रिअॅक्शन, कारण कापणारा दुसरा, ठरवणारा तिसरा, आणि रात्री अकराला चॅनलने बदल सांगितला तर काहीतरी हाताशी असायला हवं. ते त्या कामाच्या जागी बरोबरच आहे, त्यात कमीपणा नाही. पण वर्षानुवर्षं सगळं कव्हर केलं की निवडायची सवय जाते. त्यात भर म्हणजे आवाज. सुनेला धक्का बसला की म्युझिक सांगणार धक्का बसला, त्यामुळे शांततेत एखादा सीन किती वेळ तग धरतो हे बघायचं राहूनच जातं. या दोन गोष्टी. तुझे मित्र ज्याला हात खराब होणं म्हणतात ना, माझ्या मते ते एवढंच आहे आणि ते दुरुस्त करता येतं, मालिका न सोडता.

कसं ते सांगते. रोजच्या आठ-नऊ सीनपैकी एक सीन सकाळी निवडायचा आणि तो घ्यायच्या आधी वहीत लिहायचं की यातला माझा शॉट हा. बाकी सगळं कव्हरेज घे, चॅनलला हवं ते दे, पण तो शॉट पहिला घे आणि आपला म्हणून घे. महिन्याभराने वही उघडून बघ, कळेल तुझी नजर कुठे जाते. माझी नेहमी पाठीवर जायची, माणूस ऐकताना त्याची पाठ काय करते त्यावर, आणि हे मला चाळिशीत कळलं. दुसरं म्हणजे येत्या तीन महिन्यांत एक शॉर्ट फिल्म कर, कोथरूडमध्येच, लोकेशनसाठी लांब जायचं नाही. दहा मिनिटांची, वीसच शॉट, एकाही शॉटला पर्याय घ्यायचा नाही, आणि बॅकग्राउंड म्युझिक अजिबात नाही. कॅमेरा मित्राचा घे, नट तुझ्या पुरुषोत्तमच्या ग्रुपमधले घे, पुण्यात या गोष्टींना कधी तोटा नव्हता. ती कुठे पाठवायची, बक्षीस मिळेल का वगैरे डोक्यात आणू नको. ती तुझ्यासाठी आहे.

आणि ते "कायमची टीव्हीवाली" म्हणतात त्यांना सांग की ज्या आवारात ते शिकले तिथे १९७४ पासून टेलिव्हिजनचं शिक्षण दिलं जातंय, एफटीआयआयचीच ती शाखा आहे. त्याच्या आधी ती जागा प्रभात फिल्म कंपनीची होती, कंपनी कोल्हापूरहून १९३३ मध्ये पुण्यात आली, आणि तिथे १९४४ च्या आसपास गुरुदत्त तीन वर्षांच्या करारावर नोकरीला होते, नाच बसवायचे, असिस्टंट म्हणून धावपळ करायचे. त्यांचा स्वतःचा पहिला सिनेमा आला १९५१ मध्ये. मी लॉ कॉलेज रोडवरून जाताना कधी कधी विचार करते, हा विशीतला मुलगा संध्याकाळी पॅकअप झाल्यावर याच रस्त्याने घरी जात असेल, त्याला तरी कुठे माहीत होतं.

आणि अलीकडचं उदाहरण हवं तर श्रीराम राघवन यांचं घे. पुण्यात शाळा, मग एफटीआयआय, १९८७ मध्ये तिथली डिप्लोमा फिल्म, आणि पहिला मोठा सिनेमा थेट २००४ मध्ये. मधल्या सतरा वर्षांत त्यांनी काय केलं तर इतर कामांबरोबर 'आहट' आणि 'सीआयडी'चे एपिसोड. आता त्यांचे सिनेमे बघ आणि मला सांग, प्रेक्षकाला काय दाखवायचं, काय लपवायचं आणि ब्रेकच्या आधी त्याला कुठे अडकवून ठेवायचं ही कला टीव्हीने खराब केली की धार लावली? आपल्याकडे सतीश राजवाडे यांनीही तेच केलं, 'असंभव', 'अग्निहोत्र' अशा मालिका केल्या आणि २०१० मध्ये 'मुंबई-पुणे-मुंबई' आणला. दोन माणसं, एक दिवस आणि आपलं पुणं, बाकी सगळी लिखाणावरची आणि नटांवरची पकड. कमी पैशात सिनेमा करायचा तर तो आधी कागदावर तसा लिहिलेला असावा लागतो, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. तुझ्या स्क्रिप्टमध्ये किती पात्रं आहेत तू लिहिलं नाहीस, पण गाव, पाणी, ग्रामसभा, मोर्चा असं सगळं असेल तर चाळीस लाखांत ते कसं बसणार हा प्रश्न मला पडला.

तर बिल्डर. त्यांना वाईट म्हणत नाही मी, पैसे घालायला तयार होणं हीच मोठी गोष्ट आहे आणि मराठी सिनेमा अशाच माणसांवर चाललाय कितीतरी वर्षं, कुणी जमीन विकून, कुणी सोनं गहाण टाकून. पण तू नीट बघ. गणपतीच्या आधी शूट म्हणजे हातात जेमतेम अडीच महिने, स्क्रिप्ट अजून पक्की नाही, करार काही लिहून झालेला नाही, हिरो ठरलेला. आणि चाळीस लाख म्हणजे काय, फक्त बनवायचे की पोचवायचे पण त्यातच? पब्लिसिटी, पोस्टर, ट्रेलर, थिएटरपर्यंत नेण्याचा खर्च, हे कुठून येणार, हा प्रश्न मी माझ्या वेळी विचारला नाही. माझ्या निर्मात्यांचे पैसे एकोणिसाव्या दिवशी थांबले. मग मी आईच्या एफडी मोडून उरलेले दिवस पूर्ण केले, फिल्म तीन वर्षं पडून राहिली आणि शेवटी लागली तेव्हा सकाळी साडेनऊचे शो मिळाले, एक आठवडा, तोही पूर्ण नाही. त्या आठवड्यात मी रोज कुठल्या ना कुठल्या थिएटरात जाऊन बसायचे. एका शोला आम्ही सात जण होतो, त्यातल्या एक आजी इंटरव्हलला उठून माझ्याकडे आल्या आणि विचारलं, बाळा, पुढे तिचा नवरा येतो का गं? त्या आजींसाठी मी अजून शंभर वेळा ती फिल्म करेन. पण कागद नीट करून करेन.

म्हणून नाही म्हणताना दार आपटू नको. असं सांग की स्क्रिप्टला मला सहा-आठ महिने हवेत, तुम्हाला खरंच रस असेल तर तेवढ्या काळासाठी एक छोटा करार करू, थोडी रक्कम आगाऊ द्या आणि ठरलेल्या मुदतीत, समजा एक वर्षात, शूट सुरू झालं नाही तर स्क्रिप्ट माझ्याकडे परत. पुतण्याची ऑडिशन घेईन म्हण, घे पण, मनापासून घे, कदाचित तो चांगला निघेल, पण निवड माझी हे कागदावर हवं. त्याच्या आधी स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये रजिस्टर करून टाक, ऑनलाइन होतं, मेंबर व्हावं लागतं तेवढंच. आणि एक गोष्ट जी मला कुणी सांगितली नव्हती, आपल्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता, दिग्दर्शक नाही. लेखक म्हणून तुझ्या लिखाणावर तुझा हक्क असतो, पण डिरेक्टर म्हणून तुझ्याकडे जे काही असेल ते फक्त करारात लिहिलेलं असेल तेवढंच. नाव कसं येणार, फायनल कट कुणाचा, मधेच काढलं तर काय, सगळं. मामांच्या ओळखीतले आहेत म्हणून करार मागायची लाज वाटेल तुला, मला माहितीये, आपल्याकडे ओळखीत कागद मागितला की अविश्वास दाखवल्यासारखं होतं. तरी माग. कागद नसला की ओळख तुटते आणि मामांनाही त्रास होतो, आमच्या घरात झालाय.

आता मालिका. मेन डिरेक्टर म्हणजे तू लुक ठरवणार, कास्टिंगच्या खोलीत असणार, पहिले तीस-चाळीस एपिसोड तुझ्या हातचे असणार, आणि पुढे दोन वर्षं जी काही मालिका दिसेल ती त्या पायावर उभी राहील. हे तू अजून केलेलं नाहीस. दुसऱ्याने बांधलेल्या घरात तू दोन वर्षं स्वयंपाक केलास, आता घर बांधायला मिळतंय, तर बांधून बघ. मी पैशासाठी घे म्हणत नाहीये, पैसे महत्त्वाचे आहेतच, पण त्या कास्टिंगच्या खोलीसाठी घे. कोणाला घ्यायचं आणि का, हे पाच माणसांपुढे बोलून पटवायचं, तिथे निवडायची सवय परत लागते.

अटी मात्र सही करण्याआधीच, नंतर कुणी ऐकत नाही. दुसरा दिग्दर्शक घ्या आणि लाँचचे दोन महिने झाले की महिन्यातले पंधरा दिवस माझे, पंधरा त्याचे, असं सरळ माग. हे होतं, बऱ्याच मालिकांमध्ये होतं, फक्त मागावं लागतं. मुदत सहा-आठ महिन्यांची ठेव, पुढचं पुढे. दोन्ही बाजूंनी एक महिन्याची नोटीस, कारण मला एकदा एकशे चाळीस एपिसोड केल्यावर एका रात्री फोनवर सांगितलं होतं की उद्यापासून येऊ नका, आणि मी दुसऱ्या दिवशीची शॉट डिव्हिजन करत बसले होते. रात्री उशिरा पॅकअप झालं तर घरापर्यंत गाडी, तुला आणि तुझ्या असिस्टंट मुलींना, हे लिहून घे. करारात कुठेतरी एक कलम असतं की या काळात दुसरं काहीही करता येणार नाही, ते शोध, आणि तुझी शॉर्ट फिल्म आणि तुझं स्वतःचं लिखाण त्यातून वगळून घे. हे कलम फार जण न वाचता सही करतात. आणि पैसे नव्वद दिवसांनी येणार हे तुला माहीतच आहे, म्हणजे पहिल्या कामाचा चेक हातात पडेपर्यंत तीन-चार महिने घरातून चालवावं लागणार, तर आत्ताच्या मालिकेतून निघताना तेवढे बाजूला ठेवूनच नीघ, नवऱ्याशी बसून आकडे मांड, अंदाजाने नको.

कोर्सचं, बाबांना वाईट वाटणार नाही अशा भाषेत सांग. एफटीआयआयमधला टेलिव्हिजन दिग्दर्शनाचा कोर्स एक वर्षाचा आहे आणि त्यात जे करायला मिळतं त्यातलं बरंचसं तू नऊ वर्षं रोज केलंयस. सिनेमा दिग्दर्शनाचा तीन वर्षांचा, पूर्णवेळ, फार चांगला, पण चार वर्षांच्या मुलाबरोबर आणि आत्ता नाही. त्याऐवजी उन्हाळ्यात एफटीआयआय आणि फिल्म अर्काइव्ह मिळून फिल्म अॅप्रिसिएशनचा छोटा कोर्स घेतात, काही आठवड्यांचा, त्याची जाहिरात बघत राहा, दोन मालिकांच्या मधे कधी जमला तर तो जरूर कर. आणि अर्काइव्ह तर लॉ कॉलेज रोडलाच आहे, कोथरूडहून दहा मिनिटं, पुण्यात असशील तेव्हा तिथे सिनेमे दाखवतात ते बघायला जा, लॅपटॉपवर बघितलेला सिनेमा आणि अंधारात शंभर माणसांबरोबर बघितलेला सिनेमा यात शांतता वेगळी ऐकू येते.

मुलाबद्दल तू फक्त एक ओळ लिहिलीस आणि मग विषय बदललास, तर मी पण थोडंच बोलते. माझी मुलगी लहान असताना मी महिन्यातले बावीस दिवस नसायचे. ती आज तीस वर्षांची आहे आणि आमचं छान आहे, पण तिच्या पहिलीच्या गॅदरिंगला मी नव्हते हे आम्हा दोघींनाही आठवतं आणि त्यावर कुठलंही उत्तर नाही. पंधरा दिवसांची अट मी का सांगतीये ते कळलं असेल. आणि सासूबाई करतायत ते किती मोठं काम आहे ते त्यांना शब्दांत सांग, आपण गृहीत धरतो.

पस्तिशीची भीती. सुमित्रा भावे आपल्या पुण्याच्या, कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवायच्या, सिनेमाचं कुठलंही शिक्षण घेतलेलं नाही. झोपडपट्टीतल्या बायकांबरोबर काम करत होत्या आणि त्यांच्या गोष्टी कागदापेक्षा पडद्यावर जास्त पोचतील असं वाटलं म्हणून १९८५ मध्ये 'बाई' ही पहिली छोटी फिल्म केली, तेव्हा त्या बेचाळीस वर्षांच्या होत्या. पुढे सुनील सुकथनकर यांच्याबरोबर तीसेक वर्षं सिनेमे केले, त्यातल्या 'कासव'ला २०१७ मध्ये सुवर्णकमळ मिळालं तेव्हा वय चौऱ्याहत्तर. जब्बार पटेल तर दौंडला लहान मुलांचे डॉक्टर, दवाखाना सांभाळून नाटक आणि सिनेमा. ही माणसं थोर होती म्हणून नाही सांगत. यांच्याकडे सांगायला काहीतरी होतं आणि ते सांगितल्याशिवाय त्यांना राहवत नव्हतं, वय त्यात आलंच नाही. सुमित्राताईंकडे आधी त्या बायका होत्या, मग कॅमेरा आला.

तुझ्याकडे कोण आहे? त्या तीन ओळींमध्ये एकही माणूस नाहीये गं. विषय आहे, गाव आहे, फेस्टिव्हल आहे, माणूस नाही. ज्या मुलीने असिस्टंटला आर्टिस्टची साडी नेसवून सीन वाचवला आणि मला पत्रात लिहिलं की त्या असिस्टंट मुलीने साडी सोडताना दोन मिनिटं आरशात बघितलं, तिला माणसं दिसतात. मग फिल्मबद्दल लिहिताना ती माणसं कुठे गेली? कदाचित स्क्रिप्टमध्ये असतील आणि पत्रात आली नसतील, तर फारच उत्तम. नसतील तर आधी ती शोधायला हवीत, आणि त्यासाठी त्या गावात जाऊन राहावं लागेल, पाण्याच्या रांगेत उभं राहावं लागेल, पाण्यावरचे लेख वाचून ती सापडत नाहीत. नाहीतर गाव सोडून दे आणि तुला जे लोक माहीत आहेत त्यांच्यावर लिही. मी तुला विषय सुचवणार नाही, तो तुझा हक्क आहे.

आत्ता लगेच एक कर. ही मालिका संपायला आणि नवी सुरू व्हायला मधे जे दिवस मिळतील त्यात एका रविवारी घरच्या हॉलमध्ये स्क्रिप्टचं वाचन ठेव. दहा-बारा जण बोलाव, निम्मे तरी लाइनबाहेरचे, सोसायटीतल्या काकू, नवऱ्याच्या ऑफिसातलं कुणी, बाबा तर हवेतच. एफटीआयआयवाल्या मित्रांनाही बोलाव. पहिल्या पानापासून शेवटपर्यंत सलग वाच, मधे समजावून सांगू नको, आणि झाल्यावर कसं वाटलं असं विचारू नको, कुणाची गोष्ट होती ते विचार. जे नाव सगळे घेतील ते लिहून ठेव. वेगवेगळी नावं आली तरी लिहून ठेव.

तारीख ठरली की कळव, मी येईन. मला दाराजवळची खुर्ची ठेव, तिथून ऐकणाऱ्यांचे चेहरे दिसतात.